डॉक्टर साखर म्हणाले होते

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
श्रावणातला पहिला गुरुवार

प्रिय सुष्मिता,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं सासऱ्याचं अक्षर बघून दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. शुक्रवार पेठेतून कळंब्याला रिक्षानं वीस मिनिटांत येता येतं, आणि आमचे बाबा पत्र कसलं लिहितायत, असं विश्वजित म्हणेल. पण फोनवर मी ओरडतो, हे तुला माहीत आहे. चाळीस वर्षं गुऱ्हाळावर चरकाच्या वर आवाज काढून बोललो, त्यामुळं माझं साधं ‘जेवलीस का’ सुद्धा समोरच्याला दमदाटीसारखं ऐकू येतं.

आधी कामाचं विचारतो. पॅनकेक तव्याला मधोमधच का चिकटतो? गेला महिनाभर रोज सकाळी मी स्वतः करतोय. हसू नकोस. तुझी कृती मला पाठ आहे, कारण तू ओट्याशी उभी राहून मोठ्यानं बोलत करायचीस आणि मी पेपर वाचायचं सोंग करून ऐकायचो. वाटीभर नाचणीचं पीठ, अर्धी वाटी ओट्स मिक्सरला फिरवून, अर्धंच केळं आणि तेही जरा कडक असतानाच, एक सफरचंद सालासकट किसून, चार चमचे दही, चमचाभर जवसाची पूड, दालचिनी, आणि सोडा दोन बोटांत मावेल तेवढा. पहिल्या दिवशी मला वाटलं, फळं चांगली म्हणजे जास्त फळं जास्त चांगली. तीन पिकलेली केळी घातली. सोडा चमच्यानं घातला. जे झालं त्याला साबणाचा वास येत होता आणि ते उलटायला गेलो तर निम्मं तव्यावर, निम्मं उलथन्यावर. सासूपण विसरून तुझ्या आत्ती दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. पीठ दहा मिनिटं झाकून ठेवायचं, ही तुझी अट मी विसरलो होतो. ‘मामा, पिठाला दम खाऊ द्या, तुम्हाला नसला खायचा तरी,’ असं तू म्हणायचीस.

आता बरे होतात. वर बुडबुडे येऊन फुटेपर्यंत हात लावायचा नाही, हे मला जमायला लागलंय. गॅस बारीक ठेवायचा, हे अजून जमत नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं आयुष्य गेलं, जाळ मोठा असल्याशिवाय काम होतंय असं मला वाटतच नाही. परवा कपिलतीर्थ मंडईत पेरू आले होते म्हणून सफरचंदाऐवजी पेरू वाफवून, बिया गाळून घातला. ते चांगलं लागलं. तू करून बघ.

करून बघ असं सहज लिहून गेलो आणि हात थांबला. विश्वजित रविवारी सांगत होता की तू मोठा तवा विकायला काढलायस. एका वेळी सहा पॅनकेक होणारा तो बिडाचा तवा. शनिवारी कुणीतरी येऊन घेऊन जाणार म्हणे. शाळेच्या ऑफिसातली नोकरी बरी आहे, आता पॅनकेकचा धंदा पुन्हा करायचा नाही, असं तू त्याला म्हणालीस. तो सांगत होता आणि मी जेवत होतो. मी तसाच हात धुवायला उठलो.

तू पहिल्यांदा केलंस तो दिवस आठवतो का? लग्नाला महिनाही झाला नव्हता. मी म्हणालो, हे धिरडंच की, नाव तेवढं इंग्रजी. तू म्हणालीस, मामा, नेसरीला आमची आई पण केळ्याचे दोसेच म्हणते, पण धिरड्याला गिऱ्हाईक येत नाही, पॅनकेकला येतं. तुझे वडील चनबसाप्पा मोजकं बोलणारे, आणि पोरगी अशी तोंडाची तयार, म्हणून मी खूश झालो होतो. पुढं तू खरंच गिऱ्हाईक आणलंस. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या बायका, दोन जिमची पोरं, बँकेतली माणसं. विश्वजितनं पाटी रंगवली, ‘मैदा नाही, साखर नाही, अंडं नाही’. त्या पाटीखालून येता-जाता मी मान वर करून चालायचो. तुला हे कधी बोललो नाही.

त्याच्या आधीच माझी साखर निघाली होती. डॉक्टरांनी कागदावर लिहून वर तोंडानंही सांगितलं, साखर पूर्ण बंद. मी त्या दिवसापासून साखरेला शिवलो नाही. चहात गूळ घालायला लागलो. तू महिन्याभरानं ते पाहिलंस आणि म्हणालीस, मामा, गूळ म्हणजे पण साखरच. सुष्मिता, मला तो माझ्या तोंडावर केलेला अपमान वाटला होता. साखर कारखान्याची, पांढरी, कसली कसली पावडर मारलेली. गूळ माझ्या रानातला, माझ्या काहिलीतला. कोल्हापुरात येऊन गुळाला साखर म्हणायची एवढी हिंमत आजवर कुणी केली नव्हती. मी तुझ्यापुढं मान डोलावली, चहातला गूळ सोडला, आणि मनात एकच वाक्य धरून ठेवलं: डॉक्टर साखर म्हणाले होते, गूळ म्हणाले नव्हते.

तुझ्या हातचं खाऊन माझी साखर उतरली होती, हेही खरं आहे. दिवाळीच्या आधीचा रिपोर्ट तूच वाचून दाखवलास. तीन महिन्यांची सरासरी साडेनऊवरून सातावर आली होती. तू तो कागद फ्रीजला चिकटवलास.

मग गुऱ्हाळ सुरू झालं. आपलं गुऱ्हाळ आता माझा पुतण्या कृष्णात चालवतो, पण पहिल्या काहिलीची, गूळ व्हायच्या आधीची दाट काकवी तो मला पोचवतो, ही त्याची माया. त्या वर्षीही डबा आला. घरात सांगितलं असतं तर तू तो शेजारी वाटून टाकला असतास, म्हणून मी तो माझ्या खोलीत, जुन्या ट्रंकेमागं ठेवला. सकाळी तू डबे द्यायला स्कूटरवरून गेलीस, तुझ्या आत्ती देवपूजेला बसल्या, की मी ट्रंकेमागून डबा काढायचो. आधी पॅनकेकवर चमचाभर. मग दोन. संक्रांत जवळ आली तोवर पॅनकेक काकवीत पोहायला लागले होते. खाऊन झालं की ताटली मी स्वतः नळाखाली धरायचो, आणि तू सगळ्यांना कौतुकानं सांगायचीस की आमचे मामा आपली ताटली आपण धुतात. आयुष्यात एक भांडं न धुतलेला माणूस मी. तुला शंका यायला हवी होती, पण तुझा माझ्यावर विश्वास होता.

भोगीच्या आदल्या दिवशी मी खुर्चीतून उठलो आणि खाली गेलो. ताटली आणि डबा दोन्ही टेबलावर तशीच राहिली. शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं तेव्हा तू गिऱ्हाइकाकडं होतीस. साखर चारशेच्या पुढं होती. तू धावत आलीस, दुपारी माझे कपडे आणि फाईल आणायला घरी जाऊन आलीस, आणि चारच्या सुमाराला, गारगोटीची मेहुणी, पेठेतल्या चार बायका, सगळ्यांच्या समोर तुझ्या आत्ती तुला म्हणाल्या, “केळी नि सफरचंदं चारून चारून माझ्या माणसाला हितं आणून टाकलंस की.” तू पिशवी खाली ठेवलीस आणि माझ्या पायांवरचं पांघरूण नीट केलंस.

पुढचं तूच भोगलंयस. आठ दिवसांत पेठेत झालं, तिच्या पॅनकेकनं सासऱ्याला दवाखान्यात घातलं. रंकाळ्यावरच्या बायकांनी तुझ्याकडं बघायचं सोडलं. फेब्रुवारीत पाटी उतरली, मार्चमध्ये तुम्ही कळंब्याला फ्लॅट घेतलात. विश्वजित रविवारी एकटाच येतो. तुझं डोकं दुखतंय असं सांगतो. पाच महिने झाले, दर रविवारी तुझं डोकं दुखतंय.

आणि मी? घरी आलो तेव्हा माझा जीव त्या डब्यात अडकला होता. बघतो तर डबा घासून, पुसून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पालथा घातलेला. मला वाटलं, भांडी घासायला येणाऱ्या चिमणाबाईंनी काही न समजून धुऊन टाकला. मी सुटलो, असं मला वाटलं. लाज वाटते लिहायला, पण खरंच तेच वाटलं. नंतर डॉक्टरांनी मला समोर बसवून गूळ, काकवी, मध सगळं एकच, असं समजावलं तेव्हा मी मान खाली घालून ऐकलं आणि घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही.

गेल्या सोमवारी नाचणीचं पीठ ठेवायला म्हणून तो डबा काढला. चिमणाबाई भांडी घासत होत्या. डब्याकडं बघून आपणहूनच म्हणाल्या, “अण्णा, ह्यो डबा वैनींनी घासलेला. तुमास्नी दवाखान्यात न्हेलं त्या दुपारी. मी आलो तवा डोळ्यांस्नी पाणी हुतं त्यांच्या. मला म्हणाल्या, ह्यातलं आत्तींना काय बोलू नगा, मामांची लाज जाईल.”

पीठ तसंच सोडून मी डबा पुन्हा जागेवर ठेवला. म्हणजे चारला तू पिशवी घेऊन वॉर्डात आलीस तेव्हा तुला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलली असतीस तर पाटी आज जागेवर असती. तू बोलली नाहीस. मी आयुष्यभर पावण्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांशी मोठ्यानं बोललो, पण अशी ताकद माझ्या अंगात कधी नव्हती.

आज सकाळी तुझ्या आत्तींच्या ताटात पॅनकेक वाढला आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाल्या, “मला आदुगर सांगितलं असतंसा तर मी त्या पोरीला एवढं बोललो नसतो की.” ताट तसंच ठेवून त्यांनी गारगोटीला बहिणीला फोन लावला आणि मला खोलीबाहेर जायला सांगितलं. दारामागून आवाज येत होता. माझी काही सुटका झाली नाही, एवढं कळलं. तुझ्याशी त्या स्वतः बोलतील, पण त्यांना थोडा वेळ दे. चूक कबूल करायची सवय आमच्या दोघांनाही नाही.

परत राहायला ये, असं सांगायला मी हे लिहीत नाही. कळंब्याला सुखानं राहा. तवा विकायचा की ठेवायचा हेही तूच ठरव. पण तोंडानं सांगितलेलं मी उद्या फिरवू शकतो, आणि पेठेत तुझ्या शब्दापेक्षा माझ्या शब्दावर लोक आधी विश्वास ठेवतील, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून तुझ्या हातात कागद देतोय. रंकाळ्यावरच्या बायकांना, जिमच्या पोरांना, नेसरीला तुझ्या आईवडिलांना, ज्याला दाखवायचा त्याला दाखव. माझी लाज आता राखू नकोस. मी, गणपतराव हिंदुराव चौगुले, वय एकोणसत्तर, राहणार शुक्रवार पेठ, कोल्हापूर, कुणाच्याही दबावाशिवाय लिहून देतो की, माझी साखर मी चोरून खाल्लेल्या काकवीनं वाढली, माझी सून सुष्मिता हिच्या हातच्या खाण्यानं नाही. आणि हेही लिहून देतो की, दवाखान्यात सगळ्यांसमोर तिला बोल लावले जात असताना, औषधानं गुंगी आलीय असं ज्याच्याबद्दल सगळ्यांना वाटत होतं, तो मी पूर्ण जागा होतो. सगळं ऐकत होतो, आणि तिनं माझ्याकडं बघितलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

तुझाच मामा,
गणपतराव हिंदुराव चौगुले