झऱ्यावरचे ऐन

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, मावळ (वडगाव)

अर्जदार : सीताराम धोंडिबा ओव्हाळ, अध्यक्ष, हवामान समिती, मौजे ऐनवाडी, कान्हे स्टेशनजवळ

विषय : ऐनाची झाडे तोडण्यास लेखी मनाई मिळणेबाबत.
संदर्भ : १५ ऑगस्टच्या ग्रामसभेचा एकमताने मंजूर ठराव.

महोदय,

१) तणाचे बी जळावे म्हणून ऐनाच्या डहाळ्या तोडून भाताच्या वाफ्यावर भाजायच्या, ही आपल्याकडची राबाची जुनी रीत. परंतु पाऊसमान बिघडले, ठाकरवाडीचा एकुलता झरा होळीआधीच आटू लागला. म्हणून ठरले की, पाणी धरून ठेवणारे झऱ्यावरच्या उतारावरचे ऐन यंदा कोणी तोडायचे नाहीत. नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यांत कामावर जाणाऱ्यांनी एका गाडीवर दोघांनी जायचे. सगळे हात वर झाले, टाळ्याही झाल्या. खरी अडचण असेल त्यास सूट देण्याचा अधिकार अर्जदाराकडे आला आणि तिथेच माशी शिंकली.

२) प्रथम नंदाबाई आल्या. एकटी बाई. "राब न्हाई भाजला तर तण कोन काढील?" त्यांना सूट देणे रास्तच होते. ते पाहून शेजारी आले, मग शेजाऱ्यांचे शेजारी. कारखान्यात जाणाऱ्या विकासला गाडीवर जोडीदार नको, कारण जोडीदार उशीर करतो. सर्वांचे म्हणणे एकच, "आबा, आमच्या चार डहाळ्यांनी आभाळ कोसळनार हाय व्हय?" रोजची उठबस, अर्जदारास नाही म्हणवले नाही.

३) आता उतारावर पाला उरला आहे तो अर्जदाराच्या वाट्याच्या ऐनांवर. बाकी सारे बोडके.

४) काल ठाकरवाडीच्या बाया हंडे घेऊन दारावरून चालल्या होत्या. धार लावून ठेवलेला कोयता त्यांनी पाहिला. रागावल्या नाहीत. "तुमचीबी अडचन हाय का, आबा?" एवढे विचारून गेल्या. अर्जदारास मेल्याहून मेल्यासारखे झाले.

५) तरीही खरे सांगणे भाग आहे. घरचे म्हणतात, साऱ्या गावाने तोड केली, आपणच काय ते खुळे? हे अर्जदारासही रोज थोडे थोडे पटू लागले आहे. सूट देणारा तोच, मागणाराही तोच. गावात नाही म्हणणारे कोणी उरलेले नाही.

सबब, मनाईचा आदेश गावाच्या नव्हे, अर्जदाराच्या नावे काढावा आणि रविवारच्या आत पोहोचवावा. रविवारी मुलांना सुट्टी असते, तेव्हा तोडायचे ठरले आहे. आदेश न आल्यास अर्जदार आपणहून थांबेल, याची त्यास खात्री नाही.

आपल्या नकाराची वाट पाहणारा,
सीताराम धोंडिबा ओव्हाळ
दि. ७ जानेवारी २०२५

सोबत : ठरावाची प्रत.