पेपरवाल्यांचं इंग्रजी आणि माझं

हमले महिना, ४ तारीख, सकाळ
आजपासून इंग्रजी. काल सासऱ्यांनी चारचौघांत सुनावलं. मेस्केलच्या सणापर्यंत इंग्रजीच्या जोरावर नोकरी मिळवा, नाहीतर मुकाट्यानं आमच्या मिरचीच्या गिरणीवर या. सणाला अडीच महिने आहेत. इंग्रजीला एवढे लागत नाहीत. मेहुणा सिसायही शिकतोय म्हणे. शिकू दे बापडा.

हमले ६
अरात किलो चौकातल्या फुटपाथवर सिसाय दिसला. दगडावर बसून भाड्याचा इंग्रजी पेपर वाचत होता. जरा वेळ झाला की पेपरवाला खेकसतो आणि पेपर काढून घेतो. अशानं भाषा येते होय? मी शेजारच्या रद्दीवाल्याकडून इंग्रजी मासिकांचा गठ्ठाच उचलला. गुळगुळीत कागद. कव्हरं फाटलीत, पण कव्हरावर इंग्रजी असतं कितीसं.

हमले ९
सिद्धांत पक्का झाला. पेपरातलं इंग्रजी संध्याकाळपर्यंत शिळं होतं. मासिकातलं वर्षानुवर्षं टिकतं. शिकणाऱ्यानं टिकाऊ माल घ्यावा. शिवाय मासिकात फोटो असतात, डिक्शनरीचा खर्च वाचतो. सिसायला हे समजावलं. म्हणाला, दाजी, पेपरात रोज तेच शब्द फिरून येतात, म्हणून डोक्यात बसतात. रोज तेच शब्द. भिकारडं वाचन.

हमले २१
पाऊस थांबत नाही. अभ्यास बंद. दोष अस्कालेचा, माझ्या बायकोचा. तिनं माझ्याच मासिकाची पानं भिंतीच्या ओलीवर चिकटवली. मी बोललो तर म्हणाली, भिंतीवर आहेत म्हणून तुम्ही निदान बघता तरी. माहेरचं वळण.

नेहासे १२
एक लेख संपवला. विषय मासेमारी. किंवा लग्न. फोटोत दोन्ही होतं.

नेहासे २५
सिसाय कॉफीला आला. पेपरवाल्याला पटवून पेपर घरी आणला होता. एक पान माझ्या नाकासमोर धरलं. दाजी, एवढी जाहिरात बघा, दोघंही अर्ज करू. मी न बघताच पान बाजूला सारलं. उपकार करायला निघालाय. लहान आहे, लहानासारखं राहावं. अस्कालेनं मला दुसरा कप दिला नाही.

पागुमे ३, वर्षाअखेरचा पाच दिवसांचा महिना
सापडलं. मासिकातच सापडलं. विमानतळाच्या रस्त्यावर नवं हॉटेल लवकरच उघडतंय, रिसेप्शनला इंग्रजी बोलणारी माणसं हवीत, समक्ष भेटा. हसऱ्या मॅनेजरचा फोटो. हे मी जवळजवळ एकट्यानं वाचलं. पान फाडून कोटाच्या अस्तरात दडवलं. सिसायला वास लागता कामा नये.

मेस्केरेम ८, दुपार
हॉटेल उघडलेलं दिसलं. माणसंही कामाला लागलेली. म्हटलं, वेळेआधी उघडलं असेल. बाहेरच्या भिंतीचा जुना रंग उडाला होता, त्यावर नवा देत होते. रिसेप्शनवरच्या बाईंपुढे पान ठेवलं आणि फोटोतल्या मॅनेजरना भेटायचंय म्हणालो. बाईंनी पान उलटसुलट पाहिलं. म्हणाल्या, ते रिटायर झाले. मी याच जाहिरातीवर लागले होते, आता माझा मुलगा शाळेत जातो.

मी म्हणालो, मग आत्ताची जागा सांगा. त्या म्हणाल्या, एक होती, पेपरात दिली होती, परवाच भरली. सिसाय नावाचा मुलगा आहे, फार गोड बोलतो.

मला कॉफी दिली. म्हणजे छाप पडली असणार. पण घरी जाताना ते पान गटारात टाकलं. हेही इथंच लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

मेस्केरेम १६
उद्या मेस्केल. सासऱ्यांकडे मुदत मागितली. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

मेस्केरेम १९
गिरणी. डोळ्यांतून नाकातून पाणी. सकाळी सिसाय हॉटेलचा कोट घालून घरची मिरची दळायला आला. रांगेत आठदहा बायका. सवयीनं त्यानं इंग्रजीत विचारलं, कसे आहात. प्रश्न मला समजला. उत्तर आलं नाही. बायका माझ्याकडे बघत राहिल्या.

मग त्यानं तेच आपल्या भाषेत विचारलं. अगदी हळू, माझ्या कानाशी येऊन, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मला त्याचा इतका राग आजवर कधी आला नव्हता.

सासरे म्हणाले, जावईबापू, ते पोतं घ्या. घेतलं.