प्रबोधचं डेझिग्नेशन

६ जानेवारी २०१४, सोमवार. मरीन परेड, इराच्या घरी

प्रबोध पहाटेच्या विमानाने आला. ऑस्ट्रेलियातली लीग संपायला तीन आठवडे असताना टीमने त्याला मोकळं केलं. म्हणजे विश्रांती दिली. चांगल्या माणसाला जपूनच वापरतात. इरा म्हणाली, आई, याला विश्रांती म्हणत नाहीत. तिला भावाचं कौतुक कधीच नव्हतं.

सामान काय, तर एक बॅग, एक ग्लोव्ह आणि वेगवेगळ्या टीमांच्या तीन टोप्या. वय तेहतीस. बेसबॉलमध्ये पिचर आहे. पुण्यातल्या बायकांना पिचर म्हणजे सरबताचं भांडं वाटतं, म्हणून सांगावं लागतं की बॉल टाकणारा. डावखुरा. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरलाय. सतत बॅग अडकवल्यामुळे असेल.

चौदाव्या वर्षी न्यू जर्सीला कमलाकरभावोजींकडे शिकायला पाठवला. तिथे तो हे शिकला. अकरा वर्षांत बारा टीम झाल्या. मेक्सिको, कॅनडा, आणि जिथे रात्रभर बसने जावं लागतं अशी अमेरिकेतली कितीतरी गावं. एका पेपरने त्याला ‘जर्नीमन’ म्हटलं होतं. कात्रण जपून ठेवलंय. इरा म्हणते, म्हणजे कुठेच न टिकलेला. कायम दौऱ्यावर म्हणजे सीनियर माणूस.

मी त्याला खेळताना एकदाही पाहिलेलं नाही. आधी रजा नव्हती, मग व्हिसा, मग गुडघा. कारणं खरी आहेत.

९ जानेवारी, गुरुवार

तैवानच्या एका क्लबचा माणूस, मिस्टर लिन, २६ तारखेला इथे येतोय. त्यांना डावखुरा पिचर हवाय. पसंत पडला तर एका मोसमाचा करार. प्रबोधने हे चहाच्या कपाकडे बघत सांगितलं. मग म्हणाला, आई, हे शेवटचं. नाही जमलं तर थांबतो.

थांबतो म्हणे! तेहतिसाव्या वर्षी मी डिपार्टमेंटल परीक्षा देत होते.

संकल्प: रोज सकाळी कोमट तिळाचं तेल खांद्याला. डिंकाचे लाडू. आणि मी मधे पडायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही.

११ जानेवारी, शनिवार

मिस्टर लिनना एक छोटंसं पत्र लिहिलं. याला मधे पडणं म्हणत नाहीत, शिष्टाचार म्हणतात. चार पानं. इराने पाठवू दिलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ७

हौगांगला माझ्या जुन्या मैत्रिणीकडे, वसुधाकडे, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वीसेक बायका. वसुधाने नेहमीप्रमाणे खोचून विचारलं, काय गं, प्रबोध हल्ली असतो कुठे? चेंडूफळीच का अजून?

मी शांतपणे सांगितलं की २०१० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या टीमच्या मुख्य यादीत तो होता आणि जानेवारीत त्याला ‘डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट’ केलं होतं. तेव्हा मी ऑफिसात चाळीस माणसांना पेढे वाटले होते. साहेब स्वतः टेबलापाशी येऊन अभिनंदन करून गेले.

वसुधाची सून इशिता बॉस्टनला पाच वर्षं शिकली आहे. ती तिळगुळाचा डबा घेऊन उभी होती. म्हणाली, अहो काकू, ते म्हणजे डच्चू. यादीतून नाव कापलं की त्याला असं म्हणतात.

बायकांच्या हातातले तिळगूळ हातातच राहिले.

मी म्हटलं, इशिता, इंग्रजी मला सिस्टर फिलोमिनांनी शिकवलंय, छडी घेऊन. डेझिग्नेशन म्हणजे पद. असाइनमेंट म्हणजे कामगिरी. दोन्ही मिळाल्यावर माणसाला डच्चू कसा मिळेल?

वसुधा म्हणाली, असेल गं, तिकडचं इंग्रजी वेगळं असतं. वसुधा माझ्याशी गोड बोलली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच मी ओळखून निघून जायला हवं होतं. पण वाण घ्यायचं राहिलं होतं. प्लॅस्टिकची चाळणी मिळाली.

येताना बसमध्ये तीन स्टॉप पुढे गेले.

रात्री ९

प्रबोध खांद्यावर बर्फाची पिशवी बांधून बसला होता. सरळ विचारलं. म्हणाला, हो, डच्चूच. मैदानात उतरायच्या आतच. मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाला, मी बोलत होतो तेवढ्यात तू फोन बाजूला धरून सगळ्या ऑफिसला ओरडून सांगितलंस. मागे टाळ्या ऐकू आल्या. मग मी काय बोलणार?

मला तशी थोडी शंका होतीच.

तरीही शब्दाचा अर्थ शब्दाचा अर्थच असतो. चूक अमेरिकेची.

२२ जानेवारी, बुधवार. सकाळी ६

दार नीट लागलेलं नव्हतं. प्रबोध आरशासमोर मान खाली घालून, उजव्या हाताने केस विंचरत होता. डावा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. मला बघून म्हणाला, सकाळी आखडतो जरा, दहा वाजेपर्यंत सुटतो. शर्टाची बाही मी चढवली. लहानपणी चढवत होते तशीच, फक्त आता वर बघावं लागतं.

दोन ऑपरेशनं झाली आहेत. दुसऱ्याचं मला माहीत नव्हतं.

म्हणाला, इराला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. मी म्हटलं, माझ्या पोटात गेलेली गोष्ट ओठावर येत नाही. तो हसला. का हसला ते कळलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

उद्या. प्रबोधने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. मैदान अमेरिकन मुलांच्या एका शाळेचं आहे. मी येते म्हटलं. जाई, माझी नात, वय अकरा, म्हणाली, आजी, डोन्ट बी सो केपो लाह! केपो म्हणजे नको तिथे नाक खुपसणारी. हे शिकवतात इथल्या शाळेत.

शेवटी प्रबोधच म्हणाला, येऊ दे तिला.

मी मागच्या बाकावर बसणार. काळा चष्मा लावणार. तोंड उघडणार नाही.

२६ जानेवारी, रविवार. दुपारी २

पाहिलं. मुलाला खेळताना पाहिलं.

मातीच्या उंचवट्यावर तो एकटाच उभा होता. पाय उचलला, सगळं अंग मागे नेलं आणि हात असा आला की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बॉल पलीकडच्या ग्लोव्हमध्ये होता. नुसता आवाज ऐकला. चाळीस वेळा टाकला त्याने. प्रत्येक वेळी मी डोळे मिटत होते, त्यामुळे पूर्ण असा एकही पाहिला नाही. पण छान होते.

मिस्टर लिनचा माणूस केस वाळवायच्या मशीनसारखं काहीतरी रोखून वेगाचे आकडे सांगत होता. चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी, पुन्हा चौऱ्याऐंशी. डिस्टिंक्शन! शेवटी शेवटी एकोणऐंशी, पण तोपर्यंत ऊन किती झालं होतं.

नंतर मिस्टर लिन स्वतः माझ्या बाकावर येऊन बसले. सभ्य माणूस, पन्नाशीचा. म्हणाले, आँटी, तुमचा मुलगा फार शांत आहे. मी हो म्हटलं. मी एवढंच बोलले.

जवळजवळ एवढंच.

म्हणजे त्यांनी विचारलं, घरीही असाच का? आता विचारल्यावर उत्तर द्यायला नको? मी म्हटलं, शांत काय म्हणता, हिंमत बघा त्याची. सकाळी दहापर्यंत डावा हात वर जात नाही, शर्ट मी घालते, दोन ऑपरेशनं झाली, तरी तक्रारीचा शब्द नाही. असा माणूस तुम्हाला मिळेल का?

मिस्टर लिन लिहायचे थांबले. मग पुष्कळ लिहिलं. मग उभे राहून मला वाकून नमस्कार केला. छाप पडली.

२९ जानेवारी, बुधवार

फोन नाही. प्रबोध मोबाइल घेऊनच बाथरूममध्ये जातो.

३१ जानेवारी, शुक्रवार

चिनी नवं वर्ष. सगळं बंद. मिस्टर लिन सुट्टीवर असणार, म्हणून फोन नाही. इरा म्हणाली, आई, मैदानात तू काही बोललीस का? मी म्हटलं, हवेबद्दल.

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११

ईमेल आला. प्रबोधने उभ्यानेच वाचला. इराने मोठ्याने वाच म्हटलं, त्याने वाचला. पिचर म्हणून घेता येत नाही, खांद्याची जोखीम फार. आणि शेवटी: प्रामाणिकपणे माहिती दिल्याबद्दल तुमच्या आईंचे आभार.



इरा माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, मी कौतुक करत होते. खरंच करत होते. प्रबोधने चपला घातल्या आणि ईस्ट कोस्टच्या बाजूला चालत गेला.

दुपारी ४

अजून आला नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. खोटं बोलायचं नाही, हे पहिल्या इयत्तेत. पण गप्प कसं बसायचं, ते कुठल्याच इयत्तेत नव्हतं. यात माझा दोष किती?

संध्याकाळी ६

आला. पायांना वाळू. म्हणाला, आई, तू नसतं सांगितलंस तरी मार्चमध्ये मोसम सुरू झाला की मेपर्यंत कळलंच असतं. दोन महिन्यांचा फरक.

मला ते दोन महिने त्याला द्यायचे होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार. रथसप्तमी

मिस्टर लिनचा फोन. मी हात लावला नाही. दुसऱ्या खोलीत जाऊन बसले, दार लावून. अर्धा तास. कान दाराला लावला होता, पण बोलणं इंग्रजीत आणि हळू. इंग्रजीचा एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता.

प्रबोध बाहेर आला. नोकरी मिळाली. तैवानलाच, त्याच क्लबात. मी आधी विचारलं, डेझिग्नेशन काय? म्हणाला, सरावाचा बॉल टाकणारा. मॅचआधी रोज बॅटिंगवाल्यांना बॉल टाकायचे. जवळून, हळू, एका रेषेत. खांद्याला सोसेल असे. ते मारतील, हा टाकत राहील.

म्हणजे तुझा बॉल मारता यावा, हेच काम? म्हणाला, हेच. जितका दूर मारतील तितका मी चांगला.

खूश दिसत होता. इरा त्याच्या गळ्यात पडली. मी भाताचा कुकर लावला.

१६ फेब्रुवारी, रविवार. चांगी विमानतळ, सकाळी ८

प्रबोध पोहे खातोय. विमानाला दीड तास आहे. वसुधाचा काल फोन आला होता. ती विचारायच्या आत मीच सगळं सांगितलं, हळू बॉल, मार खाणं, सगळं. ती म्हणाली, पगार वेळेवर देतात ना? मी म्हटलं, हो. म्हणाली, मग झालं तर.

आत्ता त्याला विचारलं, अरे, आणि चुकून एखाद्या दिवशी तुझा बॉल खरंच चांगला पडला, कुणालाच मारता आला नाही, तर?

त्याने चमचा चाटला. म्हणाला, तर काढून टाकतील, आई.