ओढणारं यंत्र, दाबणारी पट्टी

प्रिय घुमे,

सगळ्यात आधी टपकली ती समोरची. नर्सबाईंची गाडी दारात लागायचा अवकाश, ही वाटी घेऊन हजर, साखर मागायला. साखरेचं निमित्त गं, तिला माझ्या पायाच्या जखमेला लावलेलं यंत्र बघायचं होतं. म्हटलं बस, बघ, तिकीट नाही. नर्सबाईंनी जुनी पट्टी सोडायला घेतली तशी ही खुर्चीसकट मागे सरकली. आणि थोड्या वेळाने आपणहून पुढे आली. नाकाशी नेलेला हात खाली घेतला नि म्हणाली, अगं, वास कुठे गेला? तोंडावर विचारलं! इतकी वर्षं पोटात ठेवून होती मेली. मला राग यायला हवा होता, पण मी हसतच सुटले.

आता म्हणशील, मुद्द्यावर ये. तू काही म्हणणार नाहीस म्हणा, तू नुसती बघशील. आधी यंत्राचं ऐक. जेवणाच्या डब्याएवढं आहे, पिशवीत घालून खांद्याला अडकवते. जखमेच्या मापाचा स्पंज कापून आत बसवतात, वरून पारदर्शक चिकट कागद, त्यातून नळी निघते ती थेट यंत्रात. चालू केलं की स्पंज मनुकेसारखा आक्रसतो नि आतलं घाण पाणी नळीतून डबीत जातं. लावताना ओढल्यासारखं होतं, थोडं दुखतंही, खोटं कशाला सांगू. पण जरा वेळाने आपण विसरतो. नात म्हणते, आजीला चार्जिंगला लावलंय.

आणि एवढ्यावर भागत नाही. वरून कापसाचा थर, त्यावर ताणाची पट्टी, बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत. मी म्हटलं, अहो बाई, एक ओढतंय, एक दाबतंय, या दोघांचं आपसात पटतं का? आमच्याकडे थोरला नि धाकटा असेच आहेत, मधे माझं मरण. त्या म्हणाल्या, आजी, दोघं एकाच कामाला लागलेत. पट्टी पायात साचलेलं रक्त वर ढकलते, म्हणून सूज उतरते. सूज तशीच राहिली तर जखमेत पाणी झिरपतच राहणार, एकटं यंत्र किती उपसणार? घुमे, मला एकदम लाँड्रीतलं आपलं इस्त्रीचं टेबल आठवलं. दिवसभर उभ्याने जगाच्या चुण्या मोडल्या नि आपल्या पायाच्या शिरा फुगत गेल्या, ते कधी खाली वाकून बघितलंच नाही.

आणि तीच लाँड्री मला नडली बघ. एकदा पट्टीची वरची कड जरा वेडीवाकडी दिसली. माझा हात कुठला गप्प बसतोय! शर्टाच्या बाहीसारखी छान दुमडून टाकली, वर थापटलीसुद्धा. दुपारपर्यंत बोटं गार नि मुंग्याच मुंग्या. सुनेने फोन लावला, नर्सबाई धावत आल्या. कसल्या ओरडल्या! दुमडलेली कड म्हणजे पायाला बांधलेली दोरी, म्हणाल्या. बोटं गार पडली, निळी दिसली, बधिर झाली तर लगेच सांगायचं, स्वतःची कारागिरी करायची नाही. नळीसुद्धा त्या पट्टीच्या बाहेरून काढतात, आत राहिली तर कातडीत रुतते म्हणून. मी आपली शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालून बसले, आणि समोरची मिटक्या मारत चहा पीत होती.

पण जखम भरतेय गं. कडेने गुलाबी कातडी आली आहे, नर्सबाईंनी मला आरशात दाखवली. आणि काल नात शेजारी येऊन बसली, आपणहून, माझ्या मांडीवर डोकं टाकून गोष्ट ऐकली. आधी ती दारातूनच ऐकायची. मला वाटायचं, पोरगी मोठी झाली.

तुझी सून मला फोनवर सगळं बोलली, तिच्यावर चिडू नकोस. तुझा पायही माझ्यासारखाच आहे, तू मागच्या खोलीत एकटी जेवतेस, आणि नर्सबाईंना दोनदा दारातूनच परत पाठवलंस. डॉक्टर म्हणाले, असंच ठेवलं तर पाय... पुढचं तिच्याच्याने बोलवेना. मी फोन करते तर तू हं हं करतेस नि ठेवतेस. म्हणून हे वाकडंतिकडं लिहायला घेतलं, पत्राला हं म्हणता येत नाही. आवळण्याची भीती वाटत असेल तर सांगते, त्या आधी हाताचं नि पायाचं प्रेशर मोजतात. रक्त बोटांपर्यंत नीट पोचतंय हे बघितल्याशिवाय पट्टीला हात लावत नाहीत. तुझ्या पायाला काय चालेल ते त्या बघून सांगतील, पण बघू तर दे. वासाला लाजू नकोस, त्यांनी माझा घेतलाय. यंत्र खांद्याला लावून मी त्यांच्याच गाडीत बसून येणार आहे, समोरचीलाही यायचंय, वाटी घेऊन. दार उघड. गुरुवारी सकाळी येऊ म्हणाल्यात.

तुझीच,
बडबडी