गल्लीत नसलेली सून

८ जाने.
दु. संदीपचा फोन, कागलहून, कंपनीतूनच. आवाज पडलेला. गौरीचा इथला मुक्काम वाढवायचा अर्ज अडकलाय. परदेशी माणसानं घर बदललं की पोलिसांच्या कचेरीत कळवावं लागतं, ते आम्ही कळवलंच नाही. कागलची भाड्याची खोली सोडून ती उचगावात आली त्याला दिवाळी उलटून गेली. मी म्हटलं, सून सासरी आली, त्यात सरकारला काय सांगायचं?

९ जाने.
दोघं कचेरीत जाऊन आले. उशिराची नोंद घेतली म्हणे. आता पोलीस घरी येऊन खात्री करणार, मग अर्ज पुढं सरकणार. खात्री नाही झाली तर काय, विचारलं.
"आई, मग तिला देश सोडून जायला सांगतील."
नात तेव्हा माझ्या मांडीवर होती. हे म्हणाले, कोण नेतंय बघतो मी. काय बघणार, कपाळ! भाकरी करपल्या.

१५ जाने.
आज किंक्रांत. अशुभ दिवसानं दाखवलाच आपला गुण.
नातीला डोस द्यायला आम्ही सगळे गेलेलो, घराला कुलूप. नेमका तेव्हाच पोलीस आला. शेजारच्या आक्कांनी संध्याकाळी सहज सांगितलं. त्यानं कागद बघून विचारलं, ट्रान थी होआ इथं राहतात का? आक्कांना ऐकू आलं ट्रान्सफॉर्मर. कोपऱ्यावर हाय म्हणाल्या. मग त्यानं सावकाश वाचलं, तेव्हा म्हणाल्या, "असल्या नावाचं ह्या गल्लीत कुणी न्हाय. जलम गेला माझा हितं."
पुढं आणखी दोन-तीन दारं वाजवली. सगळीकडं तेच उत्तर. आणि कालच गौरी त्याच घरांत तिळगूळ देऊन आलीय.
आक्कांना काय बोलणार? व्हिएतनामची पोर ती, पासपोर्टवरचं नाव संदीप सोडला तर गल्लीत कुणी ऐकलंय कधी? तांदळाच्या ताटात अंगठीनं गौरी लिहिलं, ते सगळ्यांनी वाचलं. आपल्यात बदलतातच. माझंही बदललं. माहेरच्या नावानं भाऊ हाक मारायचा, तो गेल्यावर तेही...

१६ जाने.
संदीप कचेरीतून आला. अहवालात "सदर पत्त्यावर राहत नाही" असं लिहिलंय. कागलच्या जुन्या घरमालकानंही सांगितलं, केव्हाच सोडून गेली. म्हणजे तिथं नाही, इथं नाही. हातापाया पडून संदीपनं पोलिसाची आणखी एक खेप मागून घेतली. एकच.
गौरी दिवसभर घासलेलीच भांडी घासत होती.

१८ जाने.
गल्लीभर हिंडले. शाळेतल्या बाईसारखं घरोघरी नाव पाठ करून घेतलं. होआ म्हणा, होआ. आक्का म्हणाल्या, "हवा म्हटलं तर चालंल का?" हसले, आणि पुन्हा म्हणायला लावलं. गौरी उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. तिच्या आईनं ठेवलेलं नाव असं चारचौघांत घोटून घ्यायचं, मलाच कसंतरी झालं.

२१ जाने.
आला. सगळे घरात होतो. आक्का आपण होऊन पुढं आल्या, नाव बरोबर घेतलं, वर म्हणाल्या, पावणं, च्या घ्या. बाकीच्यांनीही सांगितलं, हीच ती, इथंच राहते. मला वाटलं, सुटलो.
जाता जाता त्यानं कागद उघडला आणि तिलाच विचारलं, नाव काय तुमचं?
घाबरली पोर. पदर सावरला आणि म्हणाली,
"गौरी की."
संदीप सांगत राहिला, साहेब, घरातलं नाव आहे, लग्नातलं. आक्का काही बोलायला गेल्या, तर पोलीस म्हणाला, तुम्ही तर मागं न्हाय म्हणाला होता. त्यानं काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही. चहा तसाच राहिला.
रात्री बीपीची गोळी दोनदा घेतली की काय, आठवत नाही.

२३ जाने.
सक. कचेरीतून फोन. उद्या तिनं यायचं, पासपोर्ट घेऊन. संदीपनं विचारलं, मी सोबत आत येऊ का? नको म्हणाले. मुलीला आणू नका म्हणाले. कशासाठी ते सांगितलं नाही. तो फोन हातात धरून तसाच बसलाय. हे देवापुढं जाऊन बसलेत. कधी नव्हे ते.
गौरी मागं नातीचे कपडे वाळत घालत होती. सांगायला म्हणून दारापर्यंत गेले. हाक मारायला तोंड उघडलं, आणि कुठल्या नावानं मारू ते सुचेना.