नामंजूर चहाबाबत खुलासा

भेस्तान, सुरत
रविवार, सकाळी सव्वाआठ

आदरणीय दगाभाऊ यांस,

गोपालचा वाकून नमस्कार. अमळनेरला सर्व मंडळी मजेत असतील, वहिनींच्या गुडघ्याला नवं तेल लागू पडलं असेल, आणि आपली बहीण (म्हणजे माझी पत्नी सुषमा) आपल्याकडे येऊन आज एकोणीस दिवस झाले तरी कोणाला जड होत नसेल, असं धरून चालतो. "तुझा चहा चांगला असतो" एवढं मी विनाअट लिहून दिलं तरच ती परत येणार, असं आपण परवा फोनवर सांगितलंत. हे पत्र म्हणजे तो कागद नव्हे. हा फक्त घटनाक्रम आहे, कारण आपल्या कानावर एकच बाजू आली असणार.

मुळात दोष कॉफीचा. लग्नाला तीस वर्षं झाली त्या दिवशी आमच्या लेकीने, मानसीने, आम्हा दोघांना वेसूला एका कॉफीच्या दुकानात नेलं. दुकान कसलं, आमच्या कापड रंगवायच्या कारखान्याची लॅबच. मालक वैभव (दाढी छातीपर्यंत, पुढे चामड्याचा एप्रन) याने काट्यावर पंधरा ग्रॅम पूड मोजली, पाण्यात थर्मामीटर घातला, ब्याण्णव डिग्री झाल्यावर घड्याळ लावून गोल गोल धार सोडली. मला भरून आलं. पांडेसऱ्यात एकतीस वर्षं मी दुसरं काय करतोय? (नववी नापास, कोणी शिकवलं नाही, तरी पोपटी रंगाच्या चौदा छटा नुसत्या डोळ्यांनी सांगतो. डिग्रीवाले मशीनला विचारतात.) वैभव म्हणाला, काका, हळूहळू प्या, आधी मोगरा येईल, मागून संत्रं येईल. मी दहा मिनिटं वाट पाहिली, कोणीच आलं नाही. सुषमाने दूध कधी येणार म्हणून विचारलं, तर तेही येणार नव्हतं.

जिभेने निकाल लागेना, तेव्हा मी खिशातली रंग तपासायची पांढरी सुती पट्टी काढली (ती माझ्याजवळ लग्नकार्यातही असते, आपण पाहिली आहे), माझ्या कॉफीत बुडवली, पंख्याखाली वाळवली, आणि मानसीच्या कपात बुडवलेल्या दुसऱ्या पट्टीशेजारी दाराच्या उजेडात धरली. एकच पूड, एकच पाणी, आणि रंग दोन. मी कारखान्याचा शिक्का काढून मारला : "शेड नामंजूर, पुन्हा करावे." वैभव चिडेल असं वाटलं होतं. त्याने ती पट्टी चौकटीत घालून भिंतीवर लावली आणि पुढच्या रविवारपासून मला खुर्ची दिली. दगाभाऊ, आता तिथे रांग लागते. शिकलीसवरलेली माणसं आपली कॉफी नापास करून घ्यायला कामरेजहून गाडी काढून येतात. मागच्या महिन्यात एका डॉक्टरची कॉफी चुकून पास झाली, तर तो रडकुंडीला आला. शेवटी मी पट्टी पुन्हा तपासून त्याचं समाधान केलं.

असा मान असलेला माणूस घरी गप्प कसा बसेल? एका मंगळवारचा सुषमाचा चहा फार उत्तम झाला होता (हे मी मान्य करतो, नोंदही आहे). त्याची पट्टी मी गॅसच्या वर मंजूर नमुना म्हणून टांगली आणि रोजचा चहा तिच्याशी ताडून पाहू लागलो. दहा दिवसांत सात लॉट परत पाठवावे लागले. सुषमा भांडी जरा जोरात ठेवू लागली. अकराव्या दिवशी, म्हणजे सोळा तारखेला, शेजारच्या शांताबाई नणंदेला घेऊन आल्या. चहा आला. रंग किंचित लालसर, फार तर अडीच टक्के, पण नियम तो नियम. मी तिन्ही बशांवर शिक्का मारला आणि ट्रे आत पाठवला. शांताबाईंचा कप त्यांच्या ओठांपासून काढून घ्यावा लागला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. रागावली की आपली बहीण अहिराणीवर येते. दारात उभी राहून ती म्हणाली, "तीस वरीस तुमना शर्टले रंगना वास येस. मी एक तरी लॉट परत धाडा का?"

मी नोंदवहीची मागची पानं उलटून पाहीपर्यंत ती अमळनेरच्या गाडीत बसली होती. मला एक कळत नाही. तोच शिक्का, तीच शाई. वेसूत लोक तो चौकटीत घालतात आणि भेस्तानला त्यावरून बाई बॅग भरते. आपण वडीलधारे, आपणच निवाडा करावा.

बाकी सर्व ठीक. लहानांना आशीर्वाद.

आपला,
गोपाल (डाइंग मास्टर)

ता. क. १ : माझी काळजी नसावी. मानसी स्वयंपाक करते. चहा करणार नाही म्हणाली.

ता. क. २ : या एकोणीस दिवसांत मी स्वतः एक्केचाळीस वेळा चहा केला. शेवटच्या सहा वेळा रंग नमुन्याशी तंतोतंत जुळला. पिण्याजोगा एकही झाला नाही.

ता. क. ३ : वेसूची खुर्ची सोडली. रांगेतल्या लोकांनी घोषणा दिल्या.

ता. क. ४ : शनिवारच्या गाडीने येतो आहे. सोबत वेगळा कागद जोडला आहे, तो आधी सुषमाला दाखवावा. त्यावर "तुझा चहा चांगला असतो" असं सहीनिशी लिहिलं आहे. त्याच्या खाली "सोळा तारखेचा सोडून" असं लिहिलं गेलं होतं. ते मी खोडलं आहे, पण उजेडात धरलं की वाचता येतं. तेव्हा कागद दाखवताना आपला अंगठा तिथे ठेवावा, एवढीच विनंती.