सही त्यांची नव्हती

बिश्केक, १६ एप्रिल २००८

प्रिय एसेन,

तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते रे. तू बरा आहेस ना? गुलबार्चिन बरी, लेकरू बरं? गुरंढोरं खुशाल? अल्माटीत पाचव्या मजल्यावर कसली आलीत गुरं, असं म्हणून हसशील. पण आईनं शिकवलेलं सगळं विचारून झाल्याशिवाय माझं पत्र पुढे सरकत नाही.

फोन तू उचलत नाहीस आणि आमच्या फोनला अलीकडे तिसरा कान फुटलाय. म्हणून हे अल्माटीच्या गाडीवाल्याच्या हाती देतेय.

इकडे जर्दाळू फुलून गेला. बाबांचा गुडघा धरलेलाच आहे. छताचा पत्रा बदलला. क्लावा पेत्रोव्ना अजून मुद्रितं तपासते, अजून सगळ्यांना अडाणी म्हणते.

‘चोलपोन’ तिकडे मिळतं का? शुक्रवारचा अंक पाहिलास? नसशील पाहिला तर सांगते. पहिल्या पानावर, अगदी वर, चौकटीत छापलंय: ‘नऊ वर्षांपूर्वी आम्ही लिहिलं होतं, की कोश-बुलाक कालव्याच्या भिंतीची जागेवर जाऊन पाहणी करून सिंचनमंत्री तुर्दुबेक नारमातोव यांनी ती पक्की असल्याची सही केली. ती सही त्यांची नव्हती. आम्ही चुकलो. – संपादक.’

बाकी काही नाही.

बाबा संपादक, मी त्यांची सहसंपादक, आणि मला हे कळलं कोपऱ्यावर पेपर विकणाऱ्या बाईकडून! बाबांनी स्वतः छापखान्यात जाऊन पान बदलून घेतलं होतं. मी विचारलं, “हे काय आहे?” तर म्हणाले, “दुरुस्ती. व्याकरण चुकलंय का?”

तेव्हापासून घरात जत्रा आहे. बाबांनी प्रूफरीडर म्हणून सुरुवात केली तेव्हा मॉस्कोहून स्वल्पविरामसुद्धा ठरून यायचे, असं ते सांगतात ना? मग देश नवा झाला, बंद पडलेल्या बालवाडीत त्यांनी ‘चोलपोन’ काढलं, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसून आपण अंक लावले. त्यानंतर प्रत्येक सरकारनं त्यांना विरोधकांचा माणूस म्हटलं आणि प्रत्येक विरोधकानं सरकारचा. खटले झाले, दंड झाले, तुरुंग झाला. पण लोकांच्या डोक्यात ते राहिले एकाच गोष्टीसाठी: स्वतःच्या व्याह्याला ज्यानं सोडलं नाही तो संपादक. ती भिंत फुटून माणसं वाहून गेली, आणि तुझ्या सासऱ्यांच्या, नारमातोवांच्या, त्या बातमीनं ‘चोलपोन’ मोठं झालं, हे तुला मी सांगायला नको.

आता जे त्यांना अक्सकाल, वडीलधारे म्हणत देव मानत होते ते विचारतात, “अक्सकाल, किती मिळाले?” आणि ज्यांनी एकदा आमच्या काचा फोडल्या होत्या, त्यांच्यातल्या एकानं मेंढा पाठवला. जिवंत. दाराशी बांधलाय. बाबा म्हणतात, परत पाठव. पण कुणाकडे पाठवू? आणणाऱ्यानं ‘काचा फोडणाऱ्यांपैकी एकाकडून’ एवढंच सांगितलं, नाव नाही. मी त्याला चारा घालते आणि विचार करते, की आपण नक्की कुणाच्या बाजूचे आहोत.

तुला काही माहीत आहे का, एसेन? सहज विचारतेय.

तुझी थोरली बहीण, तुझी एजे,
बुरुल

*

बिश्केक, २० मे

प्रिय एसेन,

तुझं उत्तर नाही. गाडीवाला म्हणाला, पत्र तुझ्याच हातात दिलं, तू ते खिशात घातलंस. घातलंस ना, फाडलं नाहीस, एवढ्यावर मी हे दुसरं लिहायला बसले.

आधी ते सांगून टाकते, जे तुला दुसऱ्याकडून कळलं तर वाईट वाटेल. बाबा आता संपादक नाहीत. मी आहे.

झालं असं. सरकारी छापखान्यानं कळवलं, की जो पेपर आपल्याच बातम्या खोट्या ठरवतो त्याच्याशी करार ठेवायचा की नाही याचा विचार चाललाय. जाहिराती गेल्या. कचेरीतल्या पोरांनी बैठक बोलावली. बाबा बसले होते कोपऱ्यात, चहा फुंकत. क्लावा उभी राहिली. “असानकादिर,” ती म्हणाली, “पंधरा वर्षं तुमचे ऱ्हस्वदीर्घ सांभाळले. आता एवढंच सांगा, हे तुम्हाला कुणी करायला लावलं?”

“कुणी नाही.”

“मग का केलंत?”

“चूक होती म्हणून.”

“अहो, चुका तर रोजच्या अंकात असतात!”

सगळे हसले. बाबाही हसले. मग मतं घेतली, बाबांच्या जागी मी यावं का यावर. एकेक हात वर जात होता आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मी खांद्यापर्यंत नेला हात. बाबा म्हणाले, “सरळ वर कर, बुरुल. अर्धवट हात मोजता येत नाही.”

मी केला.

त्यांना राग आला, की बरं वाटलं, मला आजतागायत कळलेलं नाही. घरी येताना त्यांनी मला पाव घेऊन दिला, दुपारी नेहमीसारखं झोपले. कुणी अमुक का केलं असं कधी विचारायचं नाही आणि आपलंही सांगायचं नाही, ही त्यांची जुनी सवय. तुला ती जास्त माहीत आहे.

आता खरी गोष्ट. फेब्रुवारीत तोक्तोरबाय नावाचा एक म्हातारा इंजिनिअर बाबांना भेटायला आला होता. त्यानं सांगितलं, ती सही त्यानं केली होती, मंत्र्यांच्या नावानं, उपमंत्री कुलमातोवच्या सांगण्यावरून. पाहणी झालीच नव्हती. पाहणीच्या तारखेला मंत्री कालव्यावर नव्हतेच. ते तलासला होते, नातवाच्या पाळण्याच्या जेवणावळीत.

हे वाचताना तुझा चेहरा कसा झाला असेल, ते मला इथून दिसतंय.

कोर्टात तू हेच सांगितलं होतंस. “माझ्या मुलाचा पाळणा होता, माझे सासरे दिवसभर माझ्यासोबत होते, आम्ही दोघांनी मिळून मेंढा कापला.” दुसऱ्या दिवशी आपल्याच पेपरात मथळा आला, ‘नातेवाइकांची साक्ष’. तो मथळा बाबांनी दिला होता. बाबासुद्धा होते त्या जेवणावळीला, पण अंक लावून संध्याकाळी पोचले. स्वतःला त्यांनी समजावलं, की संध्याकाळी दिसलेला माणूस दुपारी कालव्यावर असू शकतो. आपला मुलगा म्हणतोय म्हणून मानलं तर लोक काय म्हणतील? त्यांनी मानलं नाही. तुझे सासरे तुरुंगातल्या दुसऱ्या हिवाळ्यात गेले आणि तू सीमा ओलांडलीस.

आणि एका परक्या माणसाचं त्यांनी एका बैठकीत ऐकलं! मी म्हटलंसुद्धा त्यांना. ते म्हणाले, “त्यानं स्वतःविरुद्ध साक्ष दिली.” म्हणजे आपल्या माणसानं आपल्या बाजूनं बोललेलं खरं कधी ठरतच नाही का? मला हा हिशेब समजत नाही रे.

कुलमातोव आज सरकारात किती वरच्या खुर्चीत बसतो ते तू जाणतोस. त्याच्या कचेरीतून एक सभ्य माणूस येऊन गेला. दारातला मेंढा पाहून म्हणाला, “वा, धष्टपुष्ट झालाय.” मग म्हणाला, संपूर्ण चौकशीच चुकीची होती असं छापा, भिंतीचं सिमेंट चोरीला गेल्याच्या भागासकट, प्रकरण मिटेल, छापखानाही मानेल. तसं नाही केलं, तर लोक उद्या विचारणारच, सही त्यांची नव्हती तर कुणाची?

तो प्रश्न मला छापायचाय. पण त्याआधी तुला एक विचारायचंय आणि दोन पत्रं झाली, मी त्याच्याभोवती फिरतेय.

तोक्तोरबायला तू पाठवलंस का?

पाठवलं असशील तर त्याचं बोलणं खोटं ठरतं असं नाही. पण मग ते कसं मिळालं, काय देऊन मिळालं, हे मला माहीत असायला हवं. मी बहीण म्हणून विचारत नाहीये. बहीण म्हणूनच विचारतेय. बघ, मला हेही धड सांगता येत नाही.

तुझी,
बुरुल एजे

*

बिश्केक, १७ जून

एसेन,

या वेळी खुशाली विचारत नाही, कारण ती मला कळते. गुलबार्चिन इथे आहे.

तुला ती तलासला मावशीकडे जाते म्हणाली होती ना? तलासला गेलीच नाही. मागच्या सोमवारी आमच्या दारात उभी, हातात पिशवी. बाबांनीच दार उघडलं. मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. बाबा म्हणाले, “ये, सुनबाई. चहा उतू जातोय.” आणि ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन चहाकडे बघायला लागली!

बसल्यावर तिनं सांगितलं. तोक्तोरबायला तिनं शोधलं. तू नाही. तुला पत्ताच नव्हता. कितीतरी वर्षं ती जुन्या सिंचन खात्यातल्या लोकांच्या बायकांना भेटत राहिली, लग्नांत, मयतांत. शेवटी याचं घर सापडलं.

“त्याला काय दिलंस?” मी विचारलं. संपादकाच्या आवाजात विचारलं, माझी मलाच लाज वाटली.

“काही नाही. माझ्या वडिलांचा फोटो दाखवला. म्हटलं, तुम्हाला जे आठवतं ते माझ्या पोराच्या आजोबांना जाऊन सांगा. नाही सांगितलंत तरी मी काही करू शकत नाही.”

“एसेनला का नाही बोललीस?”

“त्यानं इकडचं नाव काढू नको म्हणून शपथ घातलीय.”

मी म्हटलं, कुलमातोवचं नाव मी छापणार, तुझ्या वडिलांवरचा डाग जाईल. तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग बाबांकडे बघून म्हणाली, “सही त्यांची नव्हती. पण सिमेंट त्यांनी नेलं होतं. आमच्या तलासच्या घराचा चौथरा त्याच सिमेंटचा आहे. आईला माहीत होतं, मलाही होतं. कोश-बुलाकला माणसं वाहून गेली आणि आम्ही त्या चौथऱ्यावर बसून रडलो. छापायचं तर तेही छापा. माझ्या नावानं.”

एसेन, तुला हे ठाऊक होतं का, मी विचारणार नाही. ती म्हणाली, तूच लिही त्याला, माझ्याच्यानं सांगवत नाही. म्हणून लिहितेय. तिला बोल लावू नकोस.

मला वाटलं होतं, एकदा खरं सापडलं की मोकळं वाटेल. उलट झालं. तुझे सासरे दोषी होते, आणि ज्या गोष्टीसाठी तुरुंगात गेले त्यात नव्हते. बाबांची बातमी खरी होती, आणि खोटी होती. तू खरं बोललास, पण ज्याच्यासाठी बोललास तो माणूस स्वच्छ नव्हता. यातलं कुठलं वाक्य मथळ्यात घालायचं, सांग.

मी सहीचंही छापलं आणि सिमेंटचंही. तोक्तोरबायच्या नावानं, गुलबार्चिनच्या नावानं आणि कुलमातोवच्या नावासकट. त्याचं म्हणणंही मागितलं होतं, त्यानं दिलं नाही, तेही छापलं. छापखान्यातल्या लोकांनी वाचलं असणार, तरी छापलं. दुपारपर्यंत पेपर संपला. लोक एकमेकांच्या खांद्यावरून वाचत होते. कोश-बुलाकहून एक बाई आली, जिची दोन्ही मुलं त्या पाण्यात गेली. मला वाटलं आभार मानेल. ती म्हणाली, “नऊ वर्षं मी एका माणसाला शिव्याशाप देत होते. आता नवं नाव देताय? आणि नऊ वर्षांनी आणखी एक द्याल?” बाबांनी तिला बसवलं, स्वतः पाव मोडून दिला आणि म्हणाले, “शिव्या मला द्या, मी इथेच असतो.” तिनं दिल्या. बाबा ऐकत बसले.

दुसऱ्या दिवशी करार रद्द झाला. कचेरीला सील आहे, माझ्यावर बदनामीचा खटला आहे. तोक्तोरबाय कोर्टात उभा राहीन म्हणतो. राहील की नाही, देव जाणे. क्लावा घरी बसून सीलच्या कागदावरच्या चुका मोजते. तो मेंढा आम्ही गल्लीतल्या अनाथाश्रमाला दिला.

आता राहिलं ते एकच, आणि त्यासाठीच हे पत्र.

अंक लावत होतो तेव्हा बाबा आले. मीच बोलावलं होतं, मजकूर बघायला. चष्मा लावून पूर्ण वाचला, एक वाक्य तोडलं, दोन जागी ‘कथित’ घातलं. मग शेवटी त्यांनी पेन्सिलीनं एक ओळ वाढवली: ‘माझा मुलगा एसेनकुल यानं कोर्टात खरं सांगितलं होतं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.’

मी ती वाचली आणि काढली.

म्हटलं, “बाबा, ही ओळ आली तर उद्या सगळे म्हणतील, हा घरचा मामला आहे, लेकासाठी केलं. बाकीचं कुणी वाचणारच नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाद घालतील असं वाटलं होतं. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला आपली ओळ काढू दिली नाही. “संपादक तू आहेस,” म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले. फाटकाशी थांबले, बराच वेळ पाठमोरे उभे होते. मी खिडकीतून बघत होते. हाक मारली नाही.

बरोबर केलं का मी? संपादक म्हणून बरोबर केलं असं वाटतं. मग रात्री उठून ती ओळ पुन्हा का वाचते मी? हेच तर बाबांनीही केलं होतं ना तेव्हा? लोक काय म्हणतील म्हणून तुला बाजूला काढलं? आता मीही काढलं. त्यांनी खोटं म्हणून, मी खरं असूनही.

पुढचा अंक निघेल की नाही माहीत नाही. निघाला तरी ती ओळ त्यात जाईल की नाही, तेही माहीत नाही. म्हणून ती इथे लिहिली. देशानं नाही वाचली, तू वाच.

गुलबार्चिन रविवारपर्यंत आहे. बाबा रोज विचारतात, अल्माटीची गाडी किती वाजता येते. कशासाठी ते सांगत नाहीत.

तुझी बहीण, आणि सध्या पेपर नसलेली संपादक,
बुरुल